एकसारखं चुकण्याची विद्या

नवी रायफल चुकली की संशय रायफलीवर जातो. जुनी चुकली की नेमबाजावर. मधल्या काळात, म्हणजे रायफल धड नवी नाही आणि धड जुनीही नाही अशा दिवसांत, काडतुसं, वारा आणि शेजारच्या लेनमध्ये खोकणारा माणूस यांच्यावर काम भागवलं जातं. दोष ठेवायला माणसाला कुठली तरी जागा लागतेच, आणि अशा जागांची नेमबाजीत जितकी सोय आहे तितकी दुसऱ्या कुठल्या खेळात नसावी.

आमच्या कोल्हापुरात या विषयाचा अभ्यास दांडगा आहे. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, तेव्हापासून गावातल्या निम्म्या लोकांना रायफल कळू लागली. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं, आणि उरलेल्या निम्म्यांनाही ती कळू लागली. मिसळीच्या कटावर फुंकर घालत ‘451.4’ हा त्याच्या गुणांचा आकडा दशांशचिन्हासकट सांगणारे लोक इथे आहेत. त्यामुळे माझ्या भाचीची नवी रायफल परवान्याच्या कागदांच्या बाडासकट घरी आली, तेव्हा तिच्यामागोमाग गल्लीही आत आली.

रायफल पॉइंट टू टू बोअरची, सिंगल शॉट. म्हणजे एका वेळी एकच गोळी. मॅगझिन नाही, आपोआप काही भरलं जात नाही. काडतूस दोन बोटांत धरायचं, नळीमागच्या पन्हाळीत आडवं ठेवायचं, बोल्ट पुढे ढकलून खाली पाडायचा, गालाशी घ्यायची, श्वास अर्धा सोडायचा आणि मग ट्रिगर. गोळी गेली की बोल्ट मागे. रिकामं पितळी टोपण किणकिणत बाहेर पडतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिसायला मात्र ती गोष्टीतल्या बंदुकीसारखी अजिबात नव्हती. अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता, त्याला गालासाठी एक फळी, खांद्यासाठी एक आकडा, हातासाठी एक पट्टी, आणि या प्रत्येकाला पुढं-मागं, वर-खाली करायला स्क्रू. शेजारचे आबा, जे आयुष्यभर वर्कशॉपात फिटर होते, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “पोरी, ह्यात बंदूक कुठली आणि स्टँड कुठला, तेवढं सांग.”

आता हिशेब बघा. लक्ष्य 50 मीटरवर. त्यातल्या दहाच्या कड्याचा व्यास 10.4 मिलिमीटर. गोळीचा व्यास 5.6, वजन सुमारे 2.6 ग्रॅम. ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगानं निघते आणि साधारण सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात पोचते. एवढ्याशा वेळात तिचं काय काय बिनसू शकतं याची यादी करायला मात्र माणसाची हयात पुरत नाही. पुरली नाही याचे दाखले पुढे येतीलच.

पहिल्या दिवशी रेंजवरून भाचीनं कागदी टार्गेट आणलं. दहा गोळ्या. दहाच्या दहा डावीकडे खाली, सातच्या कड्याच्या आजूबाजूला, आणि सगळ्या मिळून दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकून जाव्यात इतक्या दाटीनं. आबांनी चष्मा वर करून टार्गेट उजेडात धरलं.

“दहाच्या दहा चुकल्या. माल सदोष हाय. पावती असंल तर उद्याच परत द्या.”

“आबा, ग्रुप बघा की! कसला भारी आलाय!” भाची अक्षरशः नाचत होती.

“मधी एक तरी हाय का?”

“मध्ये कशाला पाहिजे? मध्ये आणायला क्लिक आहेत.”

नेमबाजीतलं सगळं ज्ञान या एका वाक्यात आहे, पण ते पटायला वेळ लागतो. आमच्या नात्यात एक तात्या होते. कुठल्याही लग्नकार्याला ते बरोब्बर एक तास उशिरा यायचे. लोक नावं ठेवायचे, पण आमच्या आजीनं त्यावर तोडगा काढला होता. तात्यांच्या पत्रिकेवर मुहूर्त एक तास आधीचा लिहायचा. तात्या अक्षता पडायच्या आत हजर. खरी पंचाईत व्हायची ती अण्णांची. ते कधी आदल्या रात्रीच मुक्कामाला, तर कधी शेवटची पंगत उठल्यावर. दोघंही चुकायचेच, पण तात्यांवर इलाज होता आणि अण्णांवर आजीकडेही नव्हता. भाचीची रायफल तात्यांच्या वळणाची निघाली होती. तिनं मागच्या साइटच्या दोन्ही चकत्या, एक वरच्या आणि एक उजव्या बाजूला, क्लिक मोजून फिरवल्या, आणि पुढच्या दहा गोळ्या तशाच दाटीवाटीनं मधोमध जाऊन बसल्या. रायफल तीच, हात तोच, चूकही तीच, फक्त जागा बदललेली.

तेव्हा रायफल सुधारायची म्हणजे तिला मध्ये मारायला शिकवायचं नाही. तिला एकसारखं चुकायला शिकवायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण माणसाच्या स्वभावाला ते जड जातं. आपल्याला मधोमध बसलेली एक गोळी कुठेही पडलेल्या दहा सारख्या गोळ्यांपेक्षा प्यारी असते. नेमबाजांच्या पाकिटात म्हणूनच घरच्यांच्या फोटोशेजारी कापून ठेवलेला एक कागदाचा तुकडा असतो, तीन गोळ्यांचं एकच भोक पडलेला. तो दाखवताना आवाज खाली येतो. त्या तुकड्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद कुठे गेले, हे विचारायचं नसतं. तीन गोळ्या जवळ पडणं कुठल्याही रायफलीला कधी ना कधी जमून जातं. दहा मारल्या की तोच ग्रुप पसरतो, कारण गोळ्या वाढल्या की टोकाच्या दोन गोळ्यांमधलं अंतर वाढतच जातं. म्हणून ज्याला आपल्या रायफलीचं कौतुक करायचं असतं तो तीन मारतो, आणि ज्याला तिच्याबद्दल काही शिकायचं असतं तो दहा-दहाचे बरेच कागद भोकं पाडून, तारीख घालून, फायलीत लावतो. पाकिटात काही ठेवत नाही.

दुसरी अडचण हाताच्या खाजेची. नवं यंत्र आणि त्याला एवढे स्क्रू म्हटल्यावर माणसाच्या बोटांना स्वस्थ बसवत नाही. काडतूस बदललं, ट्रिगर हलका केला, दस्ता बोटभर लांबवला, नळी साफ केली आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप लहान झाला. आता श्रेय कोणाला द्यायचं? इथे आबांच्या वर्कशॉपातल्या वर्षांचा उपयोग झाला. “एका येळी एकच नट,” ते म्हणाले. “दोन एकदम फिरवलंस की इंजिन सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत न्हाई. आणि बिघडलं तर मग सायबाला काय सांगायचं?” भाचीच्या सरांनीही शुद्ध मराठीत हेच सांगितलं होतं, पण आबांचं तिला अधिक पटलं. तिनं वही घातली. तारीख, तापमान, वारा, काडतुसांची बॅच, काय बदललं. शेवटच्या रकान्यात बहुतेक दिवशी ‘काही नाही’ असं लिहिलेलं असायचं. कंटाळा हाच जिथे अभ्यासक्रम आहे अशी ही शाळा.

बदलायचं तेही अगदी क्षुल्लक दिसणारं. रायफलीचं लोखंड दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू असतात. ते ‘घट्ट’ करून चालत नाही. प्रत्येक वेळी तेवढेच घट्ट लागतात, म्हणून ताण मोजणारा टॉर्क पाना आणायचा. कारण गोळी नळीतून जाताना नळी थरथरते. थरथरायला कोणाची हरकत नाही, थरथर रोज निराळी नको. एक स्क्रू सैल आणि एक आवळ झाला की लोखंडाला अगदी नजरेला न दिसणारा बाक येतो आणि थरथरीची चाल बदलते. अक्रोडाच्या लाकडाचे जुने दस्ते होते तेव्हा ही कटकट फार. जुलै-ऑगस्टच्या पावसात लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि एखाद्या सकाळी नळीला चिकटतं. ते तपासायचा उपाय बिनखर्चाचा आहे. नळी आणि दस्ता यांच्यामधून एक नोट सरकवायची. ती शेवटपर्यंत सरळ गेली तर नळी मोकळी, अडली तर लाकूड घासायला घ्यायचं. आबांनी आपली दहाची नोट काढून भाचीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्यातही हा प्रयोग केला. अ‍ॅल्युमिनियम पाऊस पीत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण नोट शेवटपर्यंत गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं त्याला तोड नव्हती.

त्यांना त्याहून ओढ होती ती साफसफाईची. घासलेट, तारेचा ब्रश आणि रविवारची सकाळ एवढं मिळालं की या पिढीला जगात काही कमी पडत नाही. त्यांना आवरावं लागलं. या काडतुसाची गोळी शिशाची आणि वरून मेणचट वंगण लावलेली असते. पहिल्या काही गोळ्या जाताना नळीच्या आत त्या वंगणाचा पातळ लेप देतात, आणि लेप बसला की पुढच्या गोळ्या एका मार्गाला लागतात. नळी लख्ख केली की लेप गेला. मग पुन्हा काही गोळ्या भलतीकडे घालवून तो बसवायचा. साफ तर करायचंच, कारण चेंबरच्या तोंडाशी जळक्या मेणाचं आणि काजळीचं एक कडं जमतं आणि काडतूस आत जायला कुरकुर करू लागतं. पण हळू हातानं, कापडाच्या तुकड्यानं, आणि गज मागून पुढे घालायचा. पुढून नाही. नळीच्या पुढच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा. तिथे एका बाजूला बारीकशी टवकी उडाली तरी मागून रेटणारी हवा त्या बाजूनं आधी निसटते आणि गोळीला निघतानिघता धक्का बसतो. इतकी मेहनत घेऊन पाठवलेल्या गोळीचा असा उंबरठ्यावर अपमान होऊ नये.

अचूकपणाचं हे झालं. भरवशाचं प्रकरण वेगळं आहे. त्याचा आवाज ‘टिच’ असा असतो. सगळं जुळून आलेलं, श्वास धरलेला, ट्रिगर ओढलेला आणि स्फोटाऐवजी ‘टिच’. या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. टाचणी कडेला चेपते, मसाला पेटतो. टाचणीची स्प्रिंग दमली असेल, कारखान्यातून येताना आत थापलेलं ग्रीस पुसायचं राहून घट्ट झालं असेल, किंवा कडेच्या नेमक्या त्याच जागी मसाला पोचला नसेल, तर टिच. अशा वेळी पहिला नियम असा की नळी लक्ष्याकडेच ठेवायची आणि थांबायचं, कारण मसाला कधीकधी उशिरानं जागा होतो. अर्धा मिनिट तसंच निश्चल राहून मग बोल्ट उघडायचा. त्या अर्ध्या मिनिटात माणूस स्वतःच्या आयुष्याकडे जितक्या तटस्थपणे बघतो तितका देवळातही बघत नाही. सिंगल शॉट रायफलीचा मोठा गुण इथे कळतो. तिच्यात बिघडायला जागाच कमी आहेत. काडतूस हातानं भरायचं म्हटल्यावर ते वाकडं चढलं तर बोट तुमचंच असतं.

काडतुसांची बात मात्र रायफलीच्या हातात नाही, नेमबाजाच्याही नाही. मोठ्या बोअरची काडतुसं लोक घरी दारू तोलून भरतात. या कडेच्या मसाल्याच्या काडतुसाला ती सोय नाही. कारखाना देईल ते घ्यायचं. आणि एकाच कारखान्याची, एकाच नावाची, एकाच रंगाच्या डबीतली दोन बॅचेसची काडतुसं एकाच नळीतून निरनिराळी जातात. म्हणून बर्मिंगहॅमला ईलीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात देशोदेशीचे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. तिथे ती दस्त्यातून सोडवून एका जड शिकंज्यात आवळतात आणि एकेका बॅचच्या गोळ्या मारून बघतात. पडद्यावर ग्रुप उमटत जातात. ज्यानं वर्षानुवर्षं श्वास धरायचा, नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये ट्रिगर सोडायचा सराव केला तो माणूस तेव्हा शेजारी खुर्चीवर बसून कॉफी पीत असतो, आणि रायफल त्याच्या मदतीशिवाय त्याच्यापेक्षा चांगली मारत असते. हे दृश्य बघून वैराग्य न येता जो बॅच निवडतो आणि ऑर्डर देतो तोच खरा खेळाडू म्हणायचा.

या कंटाळ्याच्या धर्मात संतही होऊन गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावी डॉ. फ्रँकलिन मॅन नावाचे गृहस्थ होते. पदवीनं डॉक्टर. कमाई मात्र हाडं कापायच्या यंत्राची. कोंबड्यांना ताज्या हाडांचा चुरा घातला की त्या जास्त अंडी देतात अशी तेव्हाची समजूत होती, आणि तो चुरा करणारं यंत्र ते बनवत. कोंबड्यांच्या पोटातून आलेला हा पैसा त्यांनी एकाच प्रश्नावर उधळला: तीच रायफल, तीच दारू, तशीच गोळी, तर मग सगळ्या गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? माणसाचा हात वगळायचा म्हणून त्यांनी जमिनीत सिमेंटचा जाडजूड खांब उभारला आणि त्याला जिब्राल्टरचं नाव दिलं. त्यावर नळी बसवून ते गोळ्या सोडत आणि वाटेत लावलेल्या पातळ कागदी पडद्यांवरची भोकं तपासून गोळी कुठे कलली, कुठे डुलली याचा माग काढत. 1909 साली त्यांनी हे सगळे प्रयोग एका जाड ग्रंथात छापले. निष्कर्ष असा की मोठा अपराध गोळीचाच. नळीतून रेटली जाताना तिचं बूड किंचित एका अंगाला दबतं, तोल जातो, आणि पुढे तो तोल तिला भोवतो. एवढी वर्षं, एवढं सिमेंट, एवढ्या कोंबड्या, आणि आरोपी सापडला तो सगळ्यांत लहान.

दुसरे हॅरी पोप. नळ्या बनवणारे. 1906 साली ते दुकान थाटायला सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि त्याच वर्षीच्या भूकंपानं आणि आगीनं सगळं नेलं. नंतर जर्सी सिटीत त्यांनी बस्तान बसवलं. त्यांच्या नळीची पद्धत अशी की गोळी पुढच्या तोंडातून गजानं आत सारायची आणि दारूचं काडतूस मागून भरायचं. पुढची कड झिजू नये म्हणून गोळी सारताना तिच्यावर चढवायला त्याच नळीतून कापून घेतलेलं एक खोटं तोंड. त्यांच्याच नळीतून रोलंड नावाच्या नेमबाजानं 1901 साली टेकू लावून 200 यार्डांवर दहा गोळ्या मारल्या, त्यांचा ग्रुप भरला 0.725 इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आत. 183 मीटरवर! हा आकडा ऐकल्यावर आबांनी बराच वेळ दहाच्या नोटेकडे पाहिलं. पोप कामाची तारीख कधीच कबूल करत नसत. नीट झाल्यावर घेऊन जा नाहीतर दुसरीकडे जा, अशा अर्थाची पाटी त्यांनी दुकानावर लावली होती. आपल्याकडेही पुष्कळ कारागीर तारीख कबूल करत नाहीत, पण त्या पाटीचा पूर्वार्ध पाळणारे विरळा.

इथपर्यंत सगळा दोष लोखंडाचा, लाकडाचा, मेणाचा आणि शिशाचा. आता यांना निर्दोष सोडायची वेळ येते.

1873 साली आयर्लंडच्या संघानं अमेरिकेला लांब पल्ल्याच्या सामन्याचं आव्हान दिलं. आयरिश तेव्हा नामांकित. त्यांच्या हातात रिग्बीच्या रायफली, पुढच्या तोंडातून भरायच्या. अमेरिकेकडे असल्या पल्ल्याची रायफलच नव्हती. रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांनी मागून भरायच्या नव्या सिंगल शॉट रायफली या सामन्यासाठी तयार केल्या. रेमिंग्टनची रायफल तयार करणारे हेपबर्न तर स्वतःच संघात उतरले. कारागिरानं आपला माल स्वतः वापरून दाखवायची ही रीत मला फार आवडली. मागून भरायची रायफल एवढ्या लांबवर पुढून भरायच्या रायफलीची बरोबरी करील हे जाणकारांना पटत नव्हतं.

26 सप्टेंबर 1874 रोजी न्यू यॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानावर सहा विरुद्ध सहा असे उभे राहिले. 800, 900 आणि 1000 यार्ड. प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा गोळ्या, मधल्या चौकोनाला चार गुण. दिवसभराच्या झुंजीनंतर आयर्लंड 931 वर संपलं आणि अमेरिका 930 वर होती. शेवटची गोळी उरली होती कर्नल बोडाइन यांची, आणि त्यांच्या हातात नुकतीच जिंजर एलची बाटली फुटून काच घुसलेली. रुमाल गुंडाळलेल्या हातानं त्यांनी गोळी मारली. मधोमध. 934.

पण माझं मन गुंतलं ते मिल्नर या आयरिश गृहस्थांत. त्यांनी सामन्यात एक गोळी अशी काही मारली की थेट मधल्या चौकोनात. रायफल उत्तम, दारू उत्तम, वाऱ्याचा अंदाज उत्तम. फक्त टार्गेट शेजारचं. गुण शून्य. ते चार मिळाले असते तर आयर्लंड 935 वर थांबलं असतं आणि काच, रुमाल, कर्नल सगळं इतिहासाच्या तळटिपेत गेलं असतं. अमेरिकेच्या नव्या रायफलींनी त्या दिवशी आपली योग्यता सिद्ध केली यात वाद नाही. पण आयर्लंडच्या जुन्या रायफलीचीही काही चूक नव्हती. तिला सांगितलं तिथे तिनं मारलं. क्रीडमूरच्या त्या जागेवर पुढे मनोरुग्णालय उभं राहिलं. नेमबाजांच्या घरच्या माणसांना हे सांगितलं की त्यांना त्यात योगायोग दिसत नाही.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण मी या प्रकरणात आतापर्यंत मुद्दाम आवरून धरली, कारण तिलाही अपवाद आहे. 2004 साली अथेन्सला 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत अभिनव बिंद्रा सातवा आला. मागाहून समजलं की त्याच्या पायाखालची फरशीच हलत होती. नाचणाऱ्याला येत होतं, अंगणच वाकडं होतं. बिंद्रानं त्यावर अर्ज-तक्रारींत वर्षं घालवली नाहीत. हलती फरशी मुद्दाम बसवून घेऊन तिच्यावर उभं राहून सराव केला. 2008 ला बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधी रायफलीची साइट हललेली निघाली, सरावाची गोळी भलतीकडेच गेली. त्यानं मिळालेल्या थोडक्या वेळात क्लिक फिरवून ती जागेवर आणली आणि शेवटची गोळी 10.8 मारून सुवर्णपदक घेतलं. ते क्लिक फिरवण्याची हिंमत कुठून आली? आपली रायफल चुकली तरी तात्यांसारखी चुकते, अण्णांसारखी नाही, ही खातरी असल्यावाचून त्या क्षणी साइटला हात लावायचं धाडस कोणी करणार नाही.

मग वाटतं की माणसालाही असं टॉर्क पान्यानं आवळता येईल. भाचीच्या वहीत अलीकडे ‘झोप’ आणि ‘चहा’ असे दोन रकाने वाढलेत ते याच आशेनं. तिचे सर म्हणतात, रायफलीचा शेवटचा सुटा भाग म्हणजे नेमबाज. आबांचं मत असं की तो भाग कारखान्यातूनच सैल येतो.

आबांच्या बाजूनं एक मोठा पुरावा आहे आणि त्याचं नाव मॅथ्यू एमन्स. अमेरिकेचा हा नेमबाज 2004 च्या ऑलिंपिकआधी आपली रायफल बघतो तो कोणीतरी तिची नासधूस केलेली. त्यानं ओळखीच्या नेमबाज बाईंची रायफल उसनी घेतली आणि तिच्यावर अथेन्सला 50 मीटर प्रोनचं सुवर्णपदक जिंकलं. परक्या रायफलीवर! त्यानंतर थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. शेवटची गोळी बाकी आणि एमन्स तीन गुणांनी पुढे. त्यानं सावकाश, व्यवस्थित गोळी मारली. त्याच्या टार्गेटवर काही उमटेना. पंचांची धावाधाव झाली. गोळी शेजारच्या टार्गेटवर होती. शून्य. सुवर्ण गेलं आणि तो आठव्या क्रमांकावर. मिल्नरनंतर 130 वर्षांनी, रायफलीत एवढी सुधारणा झाल्यावर, तीच चूक, जशीच्या तशी. त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला चेक नेमबाज कातेर्झिना कुर्कोवा आली आणि 2007 मध्ये दोघांचं लग्न झालं. एवढं फलद्रूप शून्य नेमबाजीच्या इतिहासात दुसरं नसेल.

रायफल असती तर एव्हाना दोन क्लिक फिरवून काम झालं असतं. पण 2008 ला बीजिंगमध्ये एमन्स पुन्हा थ्री पोझिशन्सच्या शेवटच्या गोळीवर पुढे होता, आणि या वेळी टार्गेट बरोबर स्वतःचंच. ट्रिगरवर बोट जरा आधी पडलं. 4.4. चौथा क्रमांक. 2012 ला लंडनमध्ये पुन्हा शेवटची गोळी. टार्गेट स्वतःचं, बोट जागेवर, आणि हाताला कंप. 7.6. रौप्याचं ब्राँझ झालं.

माणूस एकसारखा चुकत नाही, एवढीच त्याची आणि रायफलीची फारकत. ती एकच चूक हजार वेळा करते म्हणून दुरुस्त होते. हा दर खेपेला नवी चूक काढतो म्हणून त्याच्यासाठी क्लिक नाहीत. मी एमन्सचे तिन्ही आकडे भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक मांडून आबांना दाखवले: शून्य, 4.4, 7.6. आबांनी फिटरच्या नजरेनं ते वरून खाली वाचले, मान डोलावली आणि म्हणाले, “सुधारतोय की गडी. एका येळी एकच नट फिरवत असणार.”